क्रीडा संकुलात नवीन आहात? आधी पायाखालची जमीन बघा

मोठ्या क्रीडा संकुलाच्या गेटातून पहिल्यांदा आत गेलं की नक्की कुठं वळायचं तेच कळत नाही. एका बाजूला पूल, समोर ट्रॅक, मागं उंच छताचा हॉल आणि त्यातून शटलचा टपटप आवाज, जो तो आपल्या नादात, आणि आपण हातात फॉर्म घेऊन उभे. मग बहुतेक जण काय करतात, तर मैत्रीण बॅडमिंटन खेळते ना मग आपणही तेच, असं म्हणून पहिल्याच दिवशी वर्षाची फी भरून मोकळे होतात. पुढं महिनाभरात गुडघा कुरकुरायला लागतो, नाहीतर मिळालेला स्लॉट जमत नाही, नाहीतर कळतं की आपल्याला खरंतर पाणी आवडतं, आणि येणंच बंद होतं. एवढं मोठं संकुल हाताशी असून माणूस परत घरी बसला की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे. संकुलातल्या प्रत्येक जागेची जमीन वेगळी असते आणि तिथले नियम, शूज, दुखापती, वागण्याची रीत, हे सगळं त्या जमिनीवरून ठरतं. ते एकदा डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप समजतात.

स्टेप १: पहिल्या दिवशी खेळू नका, फिरा

तासभर काढा आणि सगळं संकुल पायी फिरून या. शक्यतो त्याच वेळेला, ज्या वेळेला तुम्ही रोज येणार आहात, कारण सकाळी सहाचं संकुल आणि संध्याकाळी सातचं संकुल या दोन वेगळ्या जागा असतात. दुपारी रिकामा दिसणारा पूल संध्याकाळी एका लेनमध्ये आठ जण असा असू शकतो.

फिरताना काय बघायचं? प्रेक्षक गॅलरीत बसून दहा मिनिटं नुसतं बघा, लोक आत जाताना शूज कुठं बदलतात, एक बॅच संपून दुसरी कशी सुरू होते, नवीन माणसाला कोण सांभाळून घेतंय का. चेंजिंग रूम आणि टॉयलेट जरूर बघा, कारण संकुलाची देखभाल खरी कशी आहे ते तिथं कळतं, चकचकीत रिसेप्शनवरून नाही. प्यायचं पाणी कुठं आहे, प्रथमोपचाराची खोली कुठं आहे, भिंतीवर एईडी म्हणजे हृदय बंद पडल्यास वापरायचं शॉकचं मशीन लावलंय का आणि ते कुलुपात तर नाही ना. ज्यांना व्हीलचेअर लागते किंवा ज्यांचे गुडघे थकलेत त्यांनी रॅम्प आणि लिफ्ट स्वतः वापरून बघावी. रॅम्प असतो, पण त्याच्या शेवटी दोन पायऱ्या असतात, असं मी पाहिलंय.

स्टेप २: ऑफिसात काय काय विचारायचं

ओळखपत्र, फोटो, फॉर्म हे तर लागतंच. पूलसाठी बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात आणि खोल भागात सोडण्याआधी पोहण्याची छोटी टेस्टही घेतात, तिला घाबरू नका, ती तुमच्याच जिवासाठी आहे.

पण खरे प्रश्न पुढचे, जे लोक विचारत नाहीत. स्पर्धा असली की कोणती मैदानं किती दिवस बंद होतात? मोठ्या संकुलात हे होतंच, स्पर्धेसाठीच तर ते बांधलेलं असतं, पण तेवढे दिवस पुढं वाढवून मिळतात का हे आधी विचारलेलं बरं. पूल साफसफाईसाठी कोणत्या दिवशी बंद? बुक केलेला स्लॉट रद्द करायचा तर किती तास आधी? एकाच सदस्यत्वात किती जागा वापरता येतात, की प्रत्येक खेळाची वेगळी फी? महिन्याचा पर्याय आहे का? असेल तर आधी तोच घ्या, वर्षाचा हिशोब कागदावर कितीही स्वस्त दिसला तरी पहिला महिना ट्रायलचाच धरा.

कोचबद्दल विचारताना 'सर कसे आहेत' असं विचारून काही कळत नाही, एका बॅचमध्ये किती जण आणि किती कोच ते विचारा, नवशिक्यांची बॅच वेगळी आहे की सगळे एकत्र ते विचारा, आणि एक बॅच स्वतः बसून बघायची परवानगी मागा. चांगला कोच सहसा नाही म्हणत नाही.

स्टेप ३: शूज, आणि हे मनावर घ्या

इथं मी माझा अनुभव सांगते. सुरुवातीला मी रनिंगचे शूज घालूनच बॅडमिंटन कोर्टवर उतरले, कुणी अडवलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी बाजूला झेप घेताना पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, दीड महिना घरी. नंतर समजलं की रनिंग शूज सरळ पुढं पळण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची टाच जाड आणि उंच असते, त्यामुळं पाय जमिनीपासून वर राहतो आणि आडव्या हालचालीत तो पटकन कलंडतो. कोर्ट शूजचा तळ चपटा, जमिनीला टेकलेला आणि बाजूनं घट्ट असतो. म्हणजे एकच 'स्पोर्ट्स शूज' सगळीकडं चालतात ही कल्पनाच सोडून द्या.

लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरच्या हॉलमध्ये नॉन-मार्किंग सोल लागतो, गम रबराचा. साधी टेस्ट म्हणजे शूजचा तळ पांढऱ्या कागदावर जोरात घासा, काळा डाग उठला तर ते हॉलसाठी नाहीत. आणि नॉन-मार्किंग शूज घालून पार्किंगमधून चालत येऊ नका, पिशवीतून आणा आणि दारात बदला, कारण तळाला अडकलेली बारीक खडी फ्लोअरचं पॉलिश खरवडते, वर त्या खडीवरून पुढचा माणूस घसरतो. टर्फवर म्हणजे कृत्रिम गवतावर मेटलचे स्टड, म्हणजे तळाला धातूच्या खुंट्या असलेले शूज, नाहीत. ट्रॅकवर रनिंग शूज चालतात, स्पाइक्सच्या, म्हणजे तळाला खिळे असलेल्या शूजच्या, नादाला सुरुवातीला लागूच नका. कुस्ती, ज्यूदोच्या मॅटवर बाहेरचे शूज अजिबात नाही, आणि तिथं नखं कापलेली हवीत, अंगावर गजकर्ण किंवा उघडी जखम असेल तर बरी होईपर्यंत मॅटवर जायचं नाही, कारण त्वचेचे आजार मॅटवर फार पटकन पसरतात.

बॅगेत एक टॉवेल, पाण्याची बाटली, कोरडे मोजे जास्तीचे, चप्पल, लॉकरचं स्वतःचं कुलूप. झालं.

स्टेप ४: ट्रॅक

सुरुवात ट्रॅकवरून करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण इथं पार्टनर लागत नाही, रॅकेट लागत नाही, आणि आपली दमसास किती आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

स्टँडर्ड ट्रॅक ४०० मीटरचा, पण तो फक्त सगळ्यात आतल्या पहिल्या लेनमध्ये ४०० असतो, तोही आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजलेला. एक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळं बाहेर जाल तसा प्रत्येक लेनला फेरा साधारण साडेसात मीटरनं वाढत जातो आणि आठव्या लेनमध्ये तो ४५३ मीटरच्या आसपास होतो. म्हणजे बाहेरच्या लेनमध्ये दहा फेऱ्या मारल्या तर तुम्ही चार नाही, साडेचार किलोमीटर चाललात. हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही आणि मग शेजारच्यापेक्षा आपण हळू आहोत म्हणून मन खट्टू होतं, जेव्हा की अंतरच वेगळं असतं. घड्याळातल्या जीपीएसवर ट्रॅकवर फार विसंबू नका, सारख्या वळणांमुळं ते चुकतं, फेऱ्या मोजा.

दिशा घड्याळाच्या उलटी, डावा हात आत. आतल्या दोन लेन जोरात पळणाऱ्यांच्या, चालणारे आणि जॉगिंगवाले बाहेरच्या लेनमध्ये. काही ठिकाणी आतल्या लेन सरावासाठी बंदच ठेवतात, कारण सगळे तिथंच पळाल्यानं त्या आधी झिजतात, दोरी लावलेली असेल तर ती ओलांडू नका. मागून कुणी 'ट्रॅक!' असं ओरडलं तर वळून बघत उभं राहायचं नाही, सरळ बाहेरच्या बाजूला सरकायचं. तिघी चौघी हात धरून गप्पा मारत चालणं हे बागेत छान, इथं मागच्याचा वेग तोडतं. मोबाईलवर बोलत लेन ओलांडणं तर नकोच, ओलांडायचं असेल तर रस्ता ओलांडल्यासारखं दोन्हीकडं बघून.

ऑलिम्पिकमध्ये १९६८ साली मेक्सिको सिटीत पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅक आला, त्याआधी मातीचे, राखेचे ट्रॅक असायचे. सिंथेटिक पाऊस पडला तरी चालतो आणि पाय उचलून देतो, पण तो स्प्रिंगसारखा असला तरी रोज त्यावर पळून सवय नसलेल्या पोटऱ्या आणि नडग्या दुखतातच. म्हणून पहिले दोन आठवडे एक दिवस आड, आणि पळणं-चालणं मिसळून. सरळ भागात हळू पळा, वळणावर चाला, एवढं साधं. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅकच्या आतलं हिरवं मैदान शॉर्टकट नाही. तिथं भालाफेक, थाळीफेक, हातोडाफेक चालते. पुरुषांचा हातोडा ७.२६ किलोचा असतो, भाला ८०० ग्रॅमचा पण टोकदार, आणि फेकणाऱ्याचं लक्ष त्याच्या फेकीवर असतं, तुमच्यावर नाही. पोरांना लांब उडीच्या वाळूत खेळायला सोडणारे पालक खूप दिसतात, ती वाळू खेळायची नाही, तिथं पूर्ण वेगानं माणूस येऊन पडतो.

स्टेप ५: पूल

पूलमध्ये उतरण्याआधी साबण लावून शॉवर घ्यायला सांगतात तेव्हा लोक दोन थेंब अंगावर उडवून पुढं जातात. का घ्यायचा ते समजून घ्या. पाण्यातलं क्लोरीन जंतू मारतं, पण घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल-क्रीम यांच्याशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, आणि डोळे चुरचुरणं, तो नाकात जाणारा उग्र वास, हे बरचसं त्या क्लोरामाइनमुळं. म्हणजे खूप वास येतोय म्हणून पूल स्वच्छ आहे असं नाही, उलट आहे. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ मध्ये असायला हवा, चांगल्या पूलवर रोजचे आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, ते वाचायची सवय लावा. आणि तळाच्या काळ्या रेघा वरून स्पष्ट दिसल्या पाहिजेत, दिसत नसतील, पाणी गढूळ असेल, तर त्या दिवशी उतरू नका, कारण बुडालेला माणूस लाइफगार्डलाही दिसणार नाही.

मोठा पूल ५० मीटरचा, छोटा २५ चा. जिथं २५ मीटर आरामात जातं तिथं ५० मध्ये मध्यावर दम संपतो आणि पायाखाली जमीन नसते, हा फरक खूप मोठा आहे. नवीन असाल तर ५० मीटरच्या पूलमध्ये कडेचीच लेन घ्या, हात टाकला की भिंत सापडेल अशी. खोली भिंतीवर लिहिलेली असते, ती फक्त तुमच्या टोकाची नाही, दोन्ही टोकांची वाचा.

एका लेनमध्ये दोनपेक्षा जास्त जण असले की गोल फिरल्यासारखं पोहतात, जाताना एका बाजूनं आणि येताना दुसऱ्या, कोणत्या बाजूनं ते तिथं आधीच पोहणाऱ्यांकडं बघून ठरवा. दमलात तर लेनच्या टोकाला कोपऱ्यात थांबा, मधोमध नाही, कारण मागच्याला भिंतीला हात लावून वळायचं असतं. लेनच्या दोरीवर बसायचं, लोंबकळायचं नाही. पूलवर आडव्या बांधलेल्या छोट्या पताका सजावट नाहीत, त्या भिंतीपासून ५ मीटरवर असतात, पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही म्हणून, पताका दिसल्या की तो स्ट्रोक मोजतो. लेनच्या दोरीचा रंगही शेवटच्या ५ मीटरला बदलतो, त्याच कारणानं.

डायव्हिंगचा पूल वेगळा असतो, १० मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली साधारण ५ मीटर खोल. तिथं पाण्यावर सतत फवारा सोडलेला दिसेल, तो उडी मारणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठं आहे ते दिसावं म्हणून. कोच नसताना त्या शिडीला हातही लावू नका. उथळ पूलमध्ये डोकं खाली करून उडी तर कधीच नाही, मानेच्या मणक्याची दुखापत आयुष्यभराची असते.

उघडा पूल असो की ट्रॅक, ढगांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत नाही. लाइफगार्डनं शिट्टी मारली की वाद घालायचा नाही.

स्टेप ६: हॉल

मल्टीपर्पज हॉलमध्ये गेलं की जमिनीवर इतक्या रंगांच्या रेघा असतात की चक्रावायला होतं. प्रत्येक खेळाचा एक रंग, एवढंच लक्षात ठेवा. सगळ्यात मोठी चौकट हँडबॉलची, ४० बाय २०, त्यात बास्केटबॉल २८ बाय १५, व्हॉलीबॉल १८ बाय ९ आणि बॅडमिंटन १३.४० बाय ६.१०. आपल्या खेळाचा रंग कोणता ते कोचला विचारून घ्या, बाकीच्या रेघा डोळ्यांना दिसेनाशा व्हायला आठवडा लागतो.

बॅडमिंटनला सुरुवातीला फेदरचं शटल घेऊ नका, एका शटलला १६ पिसं असतात आणि नवीन हाताच्या तिरक्या फटक्यात ती पटापट तुटतात. नायलॉनचं घ्या, त्याच्या बुडाशी रंगाची पट्टी असते, हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. हॉलमध्ये पंखे बंद का, असं रागानं विचारू नका, शटल पाच-साडेपाच ग्रॅमचं, जरा हवेनं भरकटतं. शेजारच्या कोर्टवर शटल गेलं तर तिथली रॅली, म्हणजे चालू असलेली फटक्यांची देवाणघेवाण, संपेपर्यंत थांबायचं, मध्ये पळायचं नाही.

स्क्वॉशबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण नवीन माणूस इथं एका चुकीमुळं कायमचा निराश होतो. बॉलवरचे ठिपके बघा. दोन पिवळे ठिपके म्हणजे सगळ्यात कमी उसळणारा बॉल, तो मुरलेल्या खेळाडूंसाठी, कारण ते जोरात मारून त्याला गरम ठेवतात आणि गरम झाल्यावरच तो उसळतो. नवशिक्याच्या हातात तो मेल्यासारखा पडतो आणि वाटतं आपल्याला जमतच नाही. निळ्या किंवा लाल ठिपक्याचा घ्या, खेळ लगेच सुरू होईल. डोळ्यांना संरक्षक गॉगल घालाच, हा बॉल डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढाच असतो. समोरचा माणूस तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये आला तर फटका मारू नका, थांबा आणि 'लेट' म्हणा, पॉइंट परत खेळतात. दार रॅली चालू असताना उघडायचं नाही.

टेनिसचं थोडक्यात: क्ले कोर्टवर खेळून झालं की जाळी ओढून माती एकसारखी करायची आणि रेघा झाडायच्या, हे खेळाडूचंच काम. लहान मुलांना नेहमीचा पिवळा बॉल देऊ नका, लाल, मग नारिंगी, मग हिरव्या ठिपक्याचा अशी चढण आहे.

हॉकीच्या टर्फवर पाणी मारलेलं दिसेल, ते सांडलेलं नाही. ऑलिम्पिक हॉकी १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि पुढं पाण्याचे टर्फ आले, ओल्या टर्फवर बॉल वेगानं आणि सरळ जातो, आणि पडल्यावर कातडी कमी सोलवटते. कोरड्या टर्फवर भर उन्हात पोरांना अनवाणी सोडू नका, ते मातीपेक्षा किती तरी जास्त तापतं.

स्टेप ७: जिथं एकट्यानं जायचंच नाही

शूटिंग रेंजवर पहिले काही दिवस फक्त नियम शिकवतात, कंटाळू नका. बंदूक नेहमी टार्गेटच्या दिशेलाच, रिकामी असली तरी. 'स्टॉप' ऐकलं की हातातलं तसंच थांबवायचं. दुसऱ्याच्या बंदुकीला हात नाही. आणि हे फार जण विसरतात, छर्रे शिशाचे असतात, त्यामुळं रेंजवरून आलं की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, मुलांना तर बजावूनच. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, हे कळल्यावर या खेळात शांत उभं राहण्याला एवढी किंमत का ते समजतं.

वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा उतरत्या वळणांचा ट्रॅक, असेल तर लांबून बघा आणि इंडक्शन, म्हणजे तिथलं सुरुवातीचं प्रशिक्षण, घेतल्याशिवाय उतरू नका. २५० मीटरच्या ट्रॅकच्या वळणाची भिंत ४० अंशांहून जास्त उभी असते, वेग कमी पडला की सायकल खाली घसरते, आणि ट्रॅक सायकलला ब्रेक नसतात, पेडल थांबवताही येत नाही.

स्टेप ८: पहिला महिना असा घालवा

आठवड्यातले तीन दिवस धरा, रोज नाही. पहिल्या आठवड्यात ट्रॅक आणि फक्त पाहणी, दुसऱ्यात पूल, तिसऱ्यात एक रॅकेटचा खेळ, चौथ्यात जे मनात राहिलंय ते. दोन खेळ निवडायचे झाले तर एकाच सांध्यावर भार टाकणारे दोन घेऊ नका, बॅडमिंटन आणि स्क्वॉश दोन्हीत गुडघा, घोटा, खांदा तोच झिजतो, त्यापेक्षा बॅडमिंटन आणि पोहणं, किंवा पळणं आणि टेबल टेनिस अशी जोडी बरी. वॉर्मअप दहा-पंधरा मिनिटं, थंड अंगानं ताणत बसण्यापेक्षा हळू पळणं, गुडघे उचलणं, बाजूला सरकणं असा हालचालीचा करा. दुखणं दोन प्रकारचं असतं, दोन्ही पायांत सारखं, दुसऱ्या दिवशी ठणकणारं आणि तीन दिवसांत जाणारं, ते चालतं. एकाच बाजूचं, एका बोटानं दाखवता येणारं, खेळताना वाढत जाणारं, ते नाही चालत, तिथं थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुलांना घेऊन येणाऱ्यांनी पहिलं वर्ष एकाच खेळात अडकवू नये असं मला मनापासून वाटतं, संकुलात इतके खेळ एका आवारात असतात ते यासाठीच तर. त्यांना पळू दे, पाण्यात पडू दे, मॅटवर कोलांट्या मारू दे, महिन्याच्या शेवटी गेटातून आत शिरल्यावर कुणी न सांगता ते कोणत्या दिशेला धावतात तेवढं बघा, आणि त्या खेळाचा फॉर्म भरा.